वाचकांचे प्रश्न : तांत्रिक मुलाखतीची तयारी

महाविद्यालयांमध्ये कॅम्पस मुलाखतींचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांचा विषय एकच असतो. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत आणि जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला आहे. सरावाच्या संकेतस्थळांवर रोज प्रोग्रॅमिंगचे प्रश्न सोडवतो. घरी ते सुटतात. पण समोर माणूस बसला की काही सुचत नाही. मागच्या महिन्यात पुण्यातील एका कंपनीच्या मुलाखतीत मला पाठ असलेला प्रश्न आला. मी पाच मिनिटांत पूर्ण कोड लिहून दिला, तरीही नकार आला. नंतर कॉलेजच्या प्रकल्पावर दोन प्रश्न झाले, त्यांची उत्तरे मला नीट देता आली नाहीत. माझे कुठे चुकले असावे?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : नकाराचे कारण बहुधा तुमच्या पत्रातील ‘पाठ असलेला’ या दोन शब्दांतच आहे. मुलाखत घेणाऱ्याला उत्तर ठाऊक असतेच. तुम्ही उत्तरापर्यंत कसे पोहोचता, वाटेत कोणत्या शंका काढता आणि त्याने मध्येच अट बदलली तर तुम्हाला पुढे जाता येते का, हे त्याला पाहायचे असते. आणि जो उमेदवार एक शब्दही न बोलता पाच मिनिटांत सगळा कोड समोर ठेवतो, त्याच्याकडून यांपैकी काहीच कळत नाही. अनेक वर्षे मी अशा मुलाखती घेत आलो आहे आणि माझा अनुभव असा, की अर्धवट सुटलेल्या प्रश्नावरही निवड होते, मात्र उमेदवाराचा विचार आम्हाला ऐकू यायला हवा.

एक नेहमीचा प्रश्न घेऊ. संख्यांची एक यादी आणि एक बेरीज दिली आहे. यादीतील कोणत्या दोन संख्यांची बेरीज तेवढी येते ते शोधायचे आहे. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी विचारायला हवे, की यादीत ऋण संख्या असू शकतात का, एखादी संख्या पुन्हा आलेली चालेल का, उत्तर म्हणून संख्या हव्यात की त्यांची यादीतील स्थाने, यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे का, आणि अशी जोडी नसेलच तर काय परत द्यायचे. हे प्रश्न विचारल्याने वेळ वाया जातो असे विद्यार्थ्यांना वाटते. खरे तर नोकरीतले निम्मे काम हेच असते आणि मुलाखत घेणाऱ्याला ते पुरते ठाऊक असते.

त्यानंतर सर्वांत साधा मार्ग मोठ्याने सांगावा: प्रत्येक संख्या उरलेल्या प्रत्येक संख्येबरोबर जोडून पाहायची. यादी 10,000 संख्यांची असेल तर 4,99,95,000 जोड्या, म्हणजे जवळजवळ पाच कोटी जोड्या तपासाव्या लागतील, हेही त्याच दमात सांगावे. इथून दुसऱ्या मार्गाकडे वळणे सोपे होते. यादीतून एकदाच जायचे, पाहिलेली प्रत्येक संख्या हॅशमॅपमध्ये, म्हणजे हवी ती नोंद थेट सापडेल अशा रचनेत, ठेवायची आणि आपल्याला हवी असलेली जोडीदार संख्या आधी येऊन गेली आहे का, ते तिथे पाहायचे. वेळ वाचतो, त्याच्या बदल्यात जास्तीची मेमरी लागते, आणि हा व्यवहार तुम्ही स्वतःहून बोलून दाखवला पाहिजे.

आता कोड लिहून झाल्यावर तो कागदावर चालवून बघा. यादी 8, 3, 11, 5 अशी आहे आणि बेरीज 16 हवी आहे. 8 ला जोडीदार 8 हवा. तो अजून मॅपमध्ये नाही, म्हणून 8 ठेवला. 3 ला 13 हवा, तो नाही. 11 ला 5 हवा, तोही अजून आलेला नाही. 5 ला 11 हवा आणि तो मॅपमध्ये आहे, म्हणून उत्तर मिळाले. पण तुम्ही कोडमध्ये संख्या आधी मॅपमध्ये टाकली असेल आणि जोडीदार नंतर शोधला असेल, तर पहिल्याच पावलाला 8 ला स्वतःच जोडीदार म्हणून सापडेल आणि उत्तर चुकेल. फरक केवळ दोन ओळींच्या क्रमाचा आहे. पाठ केलेल्या उत्तरात हा क्रम बरोबर असतो, पण तो तसाच का हवा हे पाठ करणाऱ्याला सांगता येत नाही, आणि नेमका तोच पुढचा प्रश्न असतो. त्यानंतर ‘मेमरी अगदी कमी आहे’ अशी नवी अट येईल. तेव्हा यादी चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोकांकडून आत येण्याचा मार्ग सुचला पाहिजे, आणि तसे केल्यास संख्यांची मूळ स्थाने हरवतात हेही लक्षात आले पाहिजे.

सोपा समजला जाणारा कोड किती काळजीने वाचावा लागतो याचे एक खरे उदाहरण सांगतो. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दरवेळी निम्मी करत शोधण्याच्या पद्धतीत, मधले स्थान काढताना खालची आणि वरची मर्यादा मिळवून दोनाने भागायची, असे आपण सगळेच शिकतो. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीतही, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातही, अनेक वर्षे तसेच लिहिलेले होते. यादी प्रचंड मोठी असेल तर ही बेरीज 2,14,74,83,647 या 32-बिट पूर्णांकाच्या कमाल मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होते आणि प्रोग्रॅम कोसळतो, हे तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच 2006 मध्ये जाहीरपणे मांडले. दोन मर्यादांमधील अंतराचा निम्मा भाग खालच्या मर्यादेत मिळवला की हा धोका टळतो. मुलाखतीत तुम्ही ही दुरुस्त केलेली ओळ लिहिली आणि ती तशी का लिहिली ते सांगितले, तर समोरच्याला तुमच्या अभ्यासाची खोली लगेच कळते. दोनशे प्रश्न वरवर सोडवण्यापेक्षा चाळीस प्रश्न असे मुळापर्यंत समजून घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रकल्पाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सर्वाधिक उमेदवार तिथे अडखळताना मी पाहिले आहेत. ग्रंथालय व्यवस्थापनाची प्रणाली चौघांनी मिळून केलेली असते, अहवालावर चौघांची नावे असतात आणि प्रत्यक्ष काम एकदोघांनीच केलेले असते. मग समोरून प्रश्न येतो: पुस्तकाची शेवटची एकच प्रत शिल्लक आहे आणि दोन विद्यार्थ्यांनी एकाच क्षणी तिची मागणी नोंदवली, तर तुमच्या प्रणालीत काय होईल? दोन्ही मागण्यांनी आधी ‘एक प्रत उपलब्ध’ असे वाचले आणि नंतर दोघींनी नोंद केली, तर एकच पुस्तक दोघांच्या नावावर चढेल. त्यावर उपाय म्हणजे ती प्रत तपासणे आणि नोंदवणे हे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होईल नाहीतर अजिबात होणार नाही अशा व्यवहारात) करणे आणि वाचतानाच डेटाबेसमधील ती ओळ कुलूपबंद करणे, किंवा ‘शिल्लक प्रती शून्यापेक्षा जास्त असतील तरच एक कमी करा’ अशी अट त्याच अपडेटमध्ये घालणे. तुमच्या प्रकल्पात ही काळजी घेतलेली नसेल तर तसे सरळ सांगावे आणि आज करायची झाल्यास कशी घ्याल ते सांगावे. त्या प्रामाणिक उत्तराला पूर्ण मान मिळतो. रेझ्युमेवरील प्रत्येक ओळीवर प्रश्न येणार असे धरून चाला आणि ज्या ओळीवर दहा मिनिटे बोलता येणार नाही ती काढून टाका.

राहिला समोर माणूस असताना न सुचण्याचा भाग. त्यावर एकच औषध मला माहीत आहे: सराव माणसासमोर करावा. वर्गातल्या मित्राला समोर बसवा, संगणक बंद ठेवा, कागदावर लिहा आणि लिहिताना सतत बोला. मित्राने मध्येच ‘असे का?’ एवढेच विचारायचे. नंतर भूमिका बदला, कारण दुसऱ्याचे उत्तर ऐकताना आपल्या उत्तरात काय राहून जाते ते फार लवकर समजते. प्रत्यक्ष मुलाखतीत अडलात तर ‘मला एक मिनिट विचार करू द्या’ असे म्हणण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : मी मेकॅनिकलची पदविका पूर्ण केली आहे. चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी बोलावणे आले आहे. संगणकवाल्यांच्या मुलाखतींविषयी सगळे लिहितात, आमच्याविषयी कोणी लिहीत नाही. काय वाचून जावे?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. तुमच्या मुलाखतीत पुस्तकापेक्षा हाताची परीक्षा अधिक होते. टेबलावर व्हर्नियर कॅलिपर आणि एखादा टर्न केलेला पार्ट ठेवून ‘माप घे’ असे सांगितले जाते. तेव्हा आधी जबडे आणि पार्ट पुसून घेणे, जबडे मिटवून शून्याची चूक पाहणे आणि मगच माप घेणे, हे न सांगता घडले पाहिजे. लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, नुसता पाठ नको, तो काढता यायला हवा. सरकपट्टीवरील 50 भाग मुख्य पट्टीच्या 49 मिलिमीटरमध्ये बसवलेले असतील तर एक भाग 0.98 मिलिमीटरचा झाला, म्हणून लीस्ट काउंट 0.02 मिलिमीटर. मायक्रोमीटरच्या स्क्रूची पिच 0.5 मिलिमीटर आणि थिंबलवर 50 भाग असतील तर तो 0.01 मिलिमीटर होतो.

दुसरा हमखास विषय म्हणजे ड्रॉइंगवरील टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक. ‘25 एच7/जी6’ असे लिहिलेले दाखवून अर्थ विचारतात. इथे मूळ माप 25 मिलिमीटर आहे. एच7 नुसार भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या दरम्यान असले पाहिजे आणि जी6 नुसार शाफ्ट 24.980 ते 24.993 च्या दरम्यान. म्हणजे दोहोंमधील फट कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 41 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) राहील. हा क्लिअरन्स फिट झाला. त्या भोकासाठी प्लग गेजची, म्हणजे भोकात घालून पाहायच्या मापकाची, ‘गो’ बाजू कोणत्या मापाची असेल, असा पुढचा प्रश्न येतो. ती खालच्या मर्यादेची, म्हणजे 25.000 ची असते आणि ती आत गेलीच पाहिजे. ‘नो-गो’ बाजू 25.021 ची असते आणि ती आत जाता कामा नये. ही मापे कागदावर आकृती काढून दाखवा. शॉप फ्लोअरवरची माणसे आकृती काढणाऱ्या उमेदवारावर लवकर विश्वास टाकतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून समजून जा, कारण ती फार थोड्यांना सांगता येते. मापनाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस मानलेले आहे. पोलादाचा 100 मिलिमीटर लांबीचा पार्ट मशीनवरून उतरताच 40 अंशांवर असताना मोजला तर तो सुमारे 23 मायक्रॉनने मोठा भरतो. तुमच्या मायक्रोमीटरवर हा दोन भागांहून अधिक फरक आहे. गरम असताना ‘ओके’ ठरलेला पार्ट थंड झाल्यावर खालच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. ‘सकाळचे पार्ट पास आणि दुपारचे नापास, काय तपासशील?’ असे विचारले गेले तर टूल झिजले असेल असे सर्वजण सांगतात. तुम्ही टूलबरोबरच तापमान, गेजचे कॅलिब्रेशन आणि माप घेणारी व्यक्ती बदलली का, याही बाबी सांगा.

शेवटी वृत्ती पाहणारा एक प्रश्न येतो: नापास केलेला लॉट उत्पादन विभागाच्या सुपरवायझरने ‘आजच्या दिवस सोड’ असे सांगितले तर काय कराल? लॉटवर खूण करून तो वेगळा ठेवणे आणि आपल्या क्वालिटी विभागाच्या वरिष्ठांना कळवणे हे तुमचे काम आहे. सवलत द्यायची असेल तर ती अधिकार असलेल्या व्यक्तीने लेखी द्यायची असते. हे उत्तर न डगमगता, पण उर्मटपणा न करता द्या.

प्रश्न : माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. विषय समजतो, पण इंग्रजीत बोलताना वाक्य तुटते आणि मग आत्मविश्वास जातो. इंग्रजीसाठी वेगळा क्लास लावावा का?
– एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : क्लास लावण्यास हरकत नाही, पण मुलाखत दोन महिन्यांवर असेल तर तो वेळ दुसरीकडे द्यावा असे मी सांगेन. तांत्रिक मुलाखतीला लागणारे इंग्रजी फार मर्यादित असते. एखादी गोष्ट कशी चालते, दोन पर्यायांत फरक काय, मी हा पर्याय का निवडला आणि हे मला माहीत नाही, एवढ्या चार प्रकारची वाक्ये सहज आली की बहुतेक मुलाखत निभावते. आपल्या विषयातील वीस संकल्पना निवडा. प्रत्येक संकल्पना आधी मराठीत, घरातल्या कोणाला तरी समजेल अशी सांगा. मराठीत अडखळलात तर अडचण इंग्रजीची नसून विषयाची आहे हे तिथल्या तिथे कळेल. मग तीच गोष्ट लहान लहान इंग्रजी वाक्यांत सांगून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. लांब वाक्य सुरू करण्याचा मोह टाळा, कारण ते बहुधा मध्येच तुटते.

महाराष्ट्रातील अनेक कंपन्यांत मुलाखत घेणारे मराठी किंवा हिंदी समजणारे असतात आणि ‘हा एक मुद्दा मी मराठीत सांगू का?’ असे नम्रपणे विचारल्यास बहुतेक जण हो म्हणतात. मात्र ज्या जागेवर परदेशी ग्राहकांशी रोज बोलायचे आहे तिथे इंग्रजीची अपेक्षा खरीच असते, आणि तिची तयारी नोकरी लागल्यानंतरही सुरू ठेवावी लागेल. मराठी माध्यमाचा उल्लेख करताना क्षमा मागितल्यासारखा सूर लावू नका. तुम्ही पहिल्या भाषेत विषय समजून घेतला आहे, ही भक्कम बाजू आहे.

प्रश्न : सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार वर्षे नोकरी केल्यावर मुलाच्या संगोपनासाठी मी काम सोडले. आता सहा वर्षांनी पुन्हा प्रयत्न करते आहे. मधल्या काळाविषयी विचारले की मी गोंधळते. शिवाय आता मला कोण नवे काय विचारेल, याचीही धास्ती वाटते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मधल्या काळाविषयी दोन वाक्ये पुरेत: मुलाच्या संगोपनासाठी मी काम थांबवले होते, आणि गेले काही महिने मी अमुक साधन शिकून अमुक सराव केला आहे. एवढे बोलून थांबावे. आपण अधिक स्पष्टीकरण देत गेलो की समोरच्याला तिथे काही दडलेले आहे असे वाटू लागते.

साधने बदलली आहेत हे खरे. ऑटोमेशनचे एखादे साधन आणि डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या एसक्यूएल या भाषेची उजळणी करावीच लागेल. एसक्यूएलमध्ये नल, म्हणजे ‘माहिती नाही’, या मूल्याचे वागणे विशेष पाहून ठेवा: ‘नॉट इन’च्या (यादीत नसलेल्या ओळी मागणाऱ्या अटीच्या) यादीत एक जरी नल असेल तर एकही ओळ परत मिळत नाही, आणि हा प्रश्न अनुभवी माणसांनाच विचारला जातो. परंतु टेस्टिंगचा गाभा, म्हणजे कुठे काय बिघडू शकेल हे आधी ओळखणे, सहा वर्षांत जुना होत नाही. सध्या सर्रास विचारला जाणारा प्रश्न असा: यूपीआयने पैसे पाठवण्याच्या पडद्याची चाचणी कशी कराल? नवशिका उमेदवार पिन चुकला, शिल्लक कमी पडली एवढे सांगतो. तुम्ही सर्वसाधारण व्यवहाराची 1 लाख रुपयांची मर्यादा घेऊन बरोबर 1,00,000, त्याहून एक रुपया कमी आणि एक रुपया जास्त अशा तिन्ही रकमा सांगा. मग शून्य आणि पैशांतील रक्कम सांगा. बटण दोनदा दाबले गेले तर पैसे दोनदा जातात का? पिन टाकल्यावर नेटवर्क गेले आणि ॲप पुन्हा उघडले तर व्यवहार कोणत्या स्थितीत दिसतो? एका खात्यातून रक्कम वजा झाली पण दुसऱ्यात जमा झाली नाही तर काय? या शेवटच्या प्रसंगासाठी रिझर्व्ह बँकेचे 2019 चे परिपत्रक आहे. व्यक्ती ते व्यक्ती व्यवहारात अशी रक्कम फार तर पुढच्या दिवसापर्यंत परत जमा झाली पाहिजे आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम माहीत असलेली उमेदवार कोणत्याही फ्रेशरपेक्षा वेगळी उठून दिसते. घर चालवताना तुम्ही हे व्यवहार रोज केले आहेत, तेव्हा उदाहरणे स्वतःच्या अनुभवातील द्या.

पूर्वीच्या हुद्द्यापेक्षा एक पायरी खालची जागा मिळाली तर नाकारण्याची घाई करू नये, असे मला वाटते. मात्र पगार ठरवताना चार वर्षांचा अनुभव शून्य धरू देऊ नये.

प्रश्न : माझ्या मुलाची एका नामवंत कंपनीच्या नावाने मोबाइलवर दहा मिनिटांची मुलाखत झाली आणि लगेच निवडपत्र आले. आता लॅपटॉप आणि प्रशिक्षणाची अनामत म्हणून पैसे भरायला सांगत आहेत. भरावेत का?
– एक पालक, नांदेड

उत्तर : भरू नयेत. नोकरी देताना कोणतीही प्रामाणिक कंपनी उमेदवाराकडून अनामत मागत नाही. पत्र कोणत्या ई-मेल पत्त्यावरून आले ते पाहा आणि त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील संपर्कातून स्वतः खात्री करून घ्या. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करून ती होत नाही. मुलाचे आधार, पॅन किंवा बँकेचे तपशील त्यांना दिले असतील तर बँकेला लगेच कळवा. काही रक्कम आधीच गेली असेल तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा, कारण पहिल्या काही तासांत पैसे थोपवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. मुलाला रागावू नका. तक्रार करताना संदेश, पावत्या आणि फोन क्रमांक त्याच्याकडूनच मिळणार आहेत.